पाच मतं आणि परत पाठवलेली तीन माणसं: एका मराठी मंडळाच्या निवडणुकीचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका मराठी मंडळातलं आहे. गाव, वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि अजूनही दर संक्रांतीला एकाच हॉलमध्ये जेवतात. मतमोजणी करणाऱ्या तिघांपैकी मी एक होते, त्यामुळे लिहितेय ते जवळून बघितलेलं आहे. दुसऱ्या मंडळांवर, सोसायट्यांवर, क्लबांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, आणि तेव्हा लोक घाईत काहीतरी ठरवून मोकळे होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

मिडवेस्टमधलं मध्यम आकाराचं शहर, मंडळ बरंच जुनं, नॉन-प्रॉफिट म्हणून रजिस्टर्ड. वार्षिक सभा, म्हणजे आमची जीबी, जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला जोडूनच होते, हायस्कूलच्या कॅफेटेरियात. आधी मुलांचे डान्स, मग जेवण, मग जीबी, कारण नुसत्या जीबीला कोणी येत नाही हे प्रत्येक मंडळाला माहिती आहे.

बायलॉजमधल्या तीन गोष्टी इथे महत्त्वाच्या. एक, फॅमिली मेंबरशिपला दोन मतं, नवऱ्याचं एक आणि बायकोचं एक. स्टुडंट मेंबरला कार्यक्रमात सवलत आहे पण मत नाही. दोन, वर्गणी ३१ डिसेंबरपर्यंत भरायची, नाही भरली तर ट्रेझरर नोटीस पाठवणार आणि नोटिशीनंतर ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर नाव कमी होणार. तीन, मत फक्त ‘गुड स्टँडिंग’मधल्या मेंबरला. आता गुड स्टँडिंग म्हणजे काय, हे बायलॉजमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं सगळे धरून चालले होते की ज्याची वर्गणी भरलेली तो गुड स्टँडिंगमध्ये.

आणि शेवटी नेहमीचं वाक्य, की बायलॉज जिथे गप्प आहेत तिथे रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर लागू. अमेरिकेतल्या बहुतेक संस्थांच्या बायलॉजमध्ये हे वाक्य असतं आणि बहुतेकांनी ते पुस्तक उघडलेलं नसतं. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकन सैन्यातले इंजिनियर, १८६३ साली न्यू बेडफर्ड गावात चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्यांच्यावर आलं आणि सभा कशी चालवायची ते त्यांना समजेना, त्यातून पुढे अभ्यास करून १८७६ मध्ये त्यांनी हे पुस्तक काढलं. सध्या चालते ती २०२० ची बारावी आवृत्ती. आमच्या सेक्रेटरीकडे मंडळाची म्हणून एक प्रत होती, ती पहिल्यांदा नीट वाचली गेली ती या प्रकरणात.

त्या वर्षी अध्यक्षपदाला दोन उमेदवार होते. अ म्हणजे चालू उपाध्यक्ष, आणि ब म्हणजे आमच्या रविवारच्या मराठी शाळेचं काम बघणाऱ्या ताई. दोघंही चांगले, दोघांनीही मंडळासाठी घरचं सोडून वेळ दिलेला. मावळते अध्यक्ष उभे नव्हते. नवी कमिटी गुढीपाडव्याला चार्ज घेते, म्हणजे निवडणूक आणि चार्ज यात दोन-अडीच महिने मिळतात. त्या वेळाचा पुढे फार उपयोग झाला.

अडचण

चिठ्ठ्या पेटीत पडल्या १३१. एक कोरी. दोन चिठ्ठ्यांवर दोन्ही नावांपुढे खूण केलेली, म्हणजे बाद. अ ला ६६, ब ला ६२.

इथे पहिला नियम समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोरी चिठ्ठी म्हणजे नुसता कागद, ती मोजायचीच नाही. पण पात्र मेंबरने टाकलेली बाद चिठ्ठी मात्र एकूण मतांत धरायची, फक्त ती कोणाच्या खात्यात जात नाही. म्हणजे एकूण मतं १३०, आणि निवडून यायला निम्म्याहून जास्त पाहिजेत, ६६. अ ला बरोब्बर ६६. जाहीर झालं, टाळ्या झाल्या, ब ताईंनी स्वतः जाऊन अ ला तिळगूळ दिला आणि सगळे कोट चढवून पार्किंग लॉटकडे गेले.

दोन दिवसांनी रात्री मी घरी चेक-इनची यादी एक्सेलमध्ये टाकत होते. आमची पद्धत अशी होती की चिठ्ठी पेटीत टाकताना त्या घराच्या नावापुढे आम्ही टिक करायचो. एका घरापुढे चार टिका दिसल्या. आधी वाटलं माझीच चूक, पण पेन तेच, चारही टिका एकाखाली एक नीट. फॅमिलीला मतं दोन, मग चार कुठून आल्या?

त्या घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, “अगं आई-बाबा आलेत ना पुण्याहून, सहा महिन्यांसाठी. पाकिटात चार चिठ्ठ्या होत्या, मला वाटलं सगळ्यांनीच द्यायच्या असतात.” त्यांची काही चूक नव्हती. चूक आमची होती. जेवणाची कुपनं आणि मतपत्रिका आम्ही एकाच पाकिटात घातल्या होत्या, गर्दी कमी व्हावी म्हणून, आणि पाकिटं भरणाऱ्याने जितकी ताटं तितक्या चिठ्ठ्या घातल्या.

मग सगळी यादी पुन्हा तपासली. आजी-आजोबा दोघं. एक स्टुडंट मेंबर, त्यालाही ताटाबरोबर चिठ्ठी मिळाली होती. आणि एक जोडपं ज्यांची त्या वर्षाची वर्गणी आलीच नव्हती, त्यांचं पाकीट गेल्या वर्षीच्या यादीवरून तयार झालेलं. एकूण पाच.

शिवाय मला एक चिठ्ठी आठवली. मोजताना एका चिठ्ठीवर ब पुढे खूण होती आणि खाली बँकेच्या स्लिपवर करतात तशी देवनागरीत पूर्ण सही होती, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, अक्षर वळणदार. तेव्हा आम्ही तिघांनी एवढंच म्हटलं की कोणीतरी चुकून सही केलीय, मत स्पष्ट आहे, धरूया. ती त्या आजींची सही होती.

लगेच काय केलं

रात्री साडेदहाला अध्यक्षांना फोन केला. त्यांनी विचारलं, “चिठ्ठ्या कुठे आहेत?” चिठ्ठ्या सेक्रेटरीकडे होत्या, खाकी पाकिटात, पाकीट चिकटवून त्यावर आम्हा तिघांच्या सह्या. रॉबर्ट्स रूल्सप्रमाणे फेरमोजणी मागायची मुदत संपेपर्यंत चिठ्ठ्या सीलबंद ठेवायच्या असतात, पण आमच्या सेक्रेटरींनी ठेवल्या होत्या त्या निव्वळ सवयीने. त्या आठवड्यात त्या श्रेडरमध्ये टाकणारच होत्या. अध्यक्षांनी सांगितलं, “पाकीट उघडायचं नाही, फेकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही.” माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता.

दुसरं, त्यांनी दोन्ही उमेदवारांना एकाच कॉलवर घेऊन एकाच वेळी सांगितलं. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर कळलं असतं तर पुढचं सगळं संशयात गेलं असतं.

कोणकोणते पर्याय होते

पुढच्या शनिवारी एका घरी कमिटी बसली, मला आणि मोजणीवाल्या दुसऱ्या दोघांनाही बोलावलं होतं. साडेतीन तास चाललं.

पहिला सूर असा की सोडून द्या. निकाल जाहीर झाला, सभेत कोणी हरकत घेतली नाही, आणि पॉइंट ऑफ ऑर्डर, म्हणजे नियम मोडल्याची हरकत, त्याच वेळी घ्यावा लागतो. हे अर्धं खरं आहे. साधारण चुकीबद्दलची हरकत तिथल्या तिथेच घ्यावी लागते. पण जी चूक मूळ तत्त्वालाच धक्का देते तिला ही मुदत लागत नाही, आणि मत फक्त हजर असलेल्या मेंबरचं हे मूळ तत्त्व आहे. मेंबर नसलेल्यांच्या मतांमुळे निकाल फिरला असेल तर हरकत नंतरही घेता येते.

नागपूरला बरीच वर्षं वकिली केलेले एक काका कमिटीवर होते. त्यांनी राज्यघटना काढली. कलम १०० (२) सांगतं की संसदेत अपात्र माणूस बसला, त्याने मत दिलं असं नंतर उघड झालं तरी कामकाज वैधच राहतं, आणि विधिमंडळासाठी हेच १८९ (२) मध्ये आहे. त्या माणसाला दंड होतो, कलम १०४ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये, पण झालेला निर्णय हलत नाही. काकांचं म्हणणं, जे देशाच्या संसदेला चालतं ते आपल्या मंडळाला का चालू नये? मला हा मुद्दा तेव्हाही वजनदार वाटला आणि आजही वाटतो, कारण जुने निर्णय एकेका मतावरून उकरत बसलं तर कुठलीच संस्था चालणार नाही. पण ती तरतूद घटनेने संसदेला आणि विधिमंडळांना दिलेली आहे. आमचं मंडळ अमेरिकेतली नॉन-प्रॉफिट, आमच्यावर आधी राज्याचा कायदा, मग आमचे बायलॉज आणि मग रॉबर्ट्स रूल्स, आणि या तिन्हीत तसं संरक्षण आम्हाला सापडलं नाही. काकांनी ते मान्य केलं आणि पुढे सगळ्यात जास्त मदतही त्यांनीच केली.

दुसरा पर्याय, पाचही जणांना विचारायचं की मत कोणाला दिलं. ऐकायला सोपं वाटतं. पण मतदान गुप्त होतं, त्यांना सांगायला भाग पाडता येत नाही, आणि सांगितलं तरी ते खरंच हे कसं ठरवणार? त्यातून एखाद्या विद्यार्थ्याला पंधरा काका-काकूंसमोर उभं करून कोणाला मत दिलंस म्हणून विचारणं, हे मला तरी सहन झालं नसतं.

तिसरा, दोघांच्या मतांतून प्रमाणात थोडी थोडी वजा करायची. याला आमच्या नियमांत कुठे आधार नव्हता.

चौथा, ब ताई म्हणाल्या, “मी माघार घेते, वाद नको, मंडळ फुटायला नको.” मनापासून म्हणाल्या. पण प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नव्हता. त्यांच्या माघारीने अ ला बहुमत मिळत नाही, आणि ज्या १२५-१३० लोकांनी मत दिलं त्यांचं मत नीट मोजलं जाण्याचा हक्क त्या सोडून देऊ शकत नाहीत.

पाचवा, कमिटीने ठराव करून विषय संपवायचा. बहुतेकांना हेच हवं होतं. इथे सेक्रेटरींनी पुस्तकातलं पान उघडून ठेवलं. ज्या सभेने मत दिलं तीच सभा निवडणुकीच्या वादाचा निवाडा करू शकते. कमिटीला एरवी कितीही अधिकार असले तरी जाहीर झालेल्या निकालावरची हरकत ऐकणं किंवा फेरमोजणीचा आदेश देणं हे तिच्या हातात नाही. हां, सभेनेच तो वाद कमिटीकडे सोपवला तर गोष्ट वेगळी.

मग उरला एकच रस्ता, विशेष सभा.

वर्गणी न भरलेलं जोडपं

सभेच्या नोटिशीआधी आम्ही हिशोब मांडला, आणि तेव्हा कळलं की अख्खं प्रकरण त्या जोडप्यावर येऊन अडलंय.

नियम असा. अपात्र माणसाची चिठ्ठी ओळखता आली तर ती सरळ काढून टाकायची, एकूण मतांतूनही. ओळखता येत नसेल तर बघायचं की त्या चिठ्ठ्यांमुळे निकाल बदलण्याची शक्यता तरी आहे का. असेल तर अख्खं मतदान रद्द, नव्याने घ्यायचं. नसेल तर निकाल कायम.

आजींची चिठ्ठी ओळखता येत होती, सहीच होती. ती काढली की ब ला ६१, अ ला ६६, बाद २, एकूण १२९. आता आजोबा आणि विद्यार्थी, दोन न ओळखता येणाऱ्या चिठ्ठ्या. दोन्ही अ च्याच होत्या असं धरा, म्हणजे अ ला सगळ्यात वाईट. अ ला ६४, एकूण १२७, हवीत ६४. म्हणजे अ निवडून येतो, निकाल कायम.

पण ते जोडपंही अपात्र असेल तर न ओळखता येणाऱ्या चिठ्ठ्या चार. चारही अ च्या धरल्या तर अ ला ६२, ब ला ६१, बाद २, एकूण १२५, आणि हवीत ६३. बरेच जण इथे म्हणाले की अ तरीही एकाने पुढेच आहे की! पुढे आहे, पण निम्म्याहून जास्त नाही. त्या दोन बाद चिठ्ठ्या एकूण मतांत धरल्या जातात त्याचा परिणाम हा असा होतो. आम्ही रात्री त्या मोजल्या नसत्या, फक्त अ आणि ब ची बेरीज केली असती, तर १२३ पैकी ६२ म्हणून निकाल कायम झाला असता, आणि तो चुकीचा झाला असता.

मग ते जोडपं पात्र की अपात्र? आमची सवय सांगत होती अपात्र. पुस्तक वेगळं सांगत होतं. वर्गणी थकली म्हणून मेंबरचा मताचा हक्क आपोआप जात नाही, जोवर त्याचं नाव यादीतून रीतसर कमी झालेलं नाही आणि बायलॉजमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. गुड स्टँडिंग म्हणजेसुद्धा ज्याचे हक्क शिस्तभंगाच्या कारवाईने किंवा बायलॉजमधल्या एखाद्या ठराविक कलमाने थांबवलेले नाहीत असा मेंबर. आणि आमच्याकडे तर ६० दिवसांची मुदत चालू होती. मेंबरशिप फॉर्मवर ‘वर्गणी भरली तरच मत’ छापलेलं होतं, पण फॉर्म म्हणजे बायलॉज नव्हे.

म्हणजे पुस्तकाप्रमाणे जोडपं पात्र, मतदान वैध, अ अध्यक्ष. कमिटीत दोन सरळ तट पडले. अ च्या बाजूचे लोक त्या रात्री पहिल्यांदा निवांत दिसले. बायलॉजचा अर्थ संदिग्ध असेल तर तो लावायचा अधिकार सभेचा, म्हणून सभेत ठरवू, एवढ्यावर उठलो.

विशेष सभा

नोटिशीचा पहिला मसुदा होता ‘निवडणुकीच्या निकालाबाबत चर्चा’. काकांनी तो बदलायला लावला, कारण विशेष सभेत नोटिशीत लिहिलेलंच काम करता येतं, आणि नुसती चर्चा लिहिली असती तर फेरमतदानासाठी परत दुसरी सभा बोलवावी लागली असती. मग लिहिलं, ‘अध्यक्षपदाच्या निकालावरील हरकतीचा निर्णय आणि आवश्यक ठरल्यास त्याच सभेत फेरमतदान’. पंधरा दिवसांची नोटीस, फेब्रुवारीतला रविवार, लायब्ररीची कम्युनिटी रूम. जेवण नाही, फक्त चहा.

एक गाठ मात्र राहिली होती. मत कोणाला आहे हे ठरवायला मत कोण देणार? थकबाकीदारांना धरायचं की नाही, हा प्रश्न त्या सभेच्या दारातच उभा राहणार. ट्रेझररने साधी युक्ती काढली. नोटिशीबरोबर सगळ्यांना कळवलं की ज्यांची वर्गणी राहिलीय त्यांनी आधी किंवा दारात भरावी, टेबल सभा सुरू होईपर्यंत चालू राहील. सगळ्यांनी भरली. म्हणजे आत बसलेला प्रत्येक मेंबर कुठल्याही अर्थाने पात्र, वाद शिल्लक नाही.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच घडलेलं सगळं सांगितलं, कोणाचं नाव न घेता. मग एका मेंबरने पॉइंट ऑफ ऑर्डर घेतला की हे मतदान रद्द समजावं. अध्यक्षांनी स्वतः निर्णय न देता प्रश्न सभेपुढे ठेवला, तेवढी मुभा त्यांना असते. प्रत्येकाला एकदा बोलायची संधी. बोलणी तीच, जी कमिटीत झाली होती, फक्त आवाज मोठे. वर्गणी न भरणाऱ्याला मत कसलं, एक बाजू. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, दुसरी बाजू.

आणि मग मागून चेक-इन टेबलवर बसणारी आमची एक ताई उठली. ती एरवी जीबीत कधी बोलत नाही. हातात छोटी वही होती. म्हणाली, “वर्गणी भरली नसेल तरी मत आहे असं ठरत असेल तर मग मी त्या दिवशी ज्यांना परत पाठवलं त्यांचं काय? तीन जण होते. मी नावं लिहून ठेवलीत.”

खोली एकदम शांत झाली. ते तिघं, एक जोडपं आणि एक काका, आधी न कळवता आले होते म्हणून त्यांचं पाकीट तयार नव्हतं, यादीत वर्गणी बाकी दिसली, ट्रेझररचं टेबल तोवर बंद झालेलं, म्हणून तिने नम्रपणे सांगितलं की जेवा, कार्यक्रम बघा, पण मत देता येणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. ज्यांचं पाकीट चुकून तयार होतं त्यांनी मत दिलं आणि ज्यांचं नव्हतं ते बसून राहिले, दोघांची वर्गणी सारखीच बाकी.

आम्ही तीन आठवडे फक्त आत कोण घुसलं हे मोजत होतो. बाहेर कोण राहिलं हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी तर त्याच टेबलाशेजारी उभी होते.

पुस्तकात याचाही नियम आहे, आणि तो जास्त कडक आहे. मेंबरला मताचा हक्क नाकारला गेला असेल तर त्याबद्दलची हरकत कधीच उशिराची ठरत नाही, आणि त्याच्या मताने निकाल बदलण्याची नुसती शक्यता असली तरी मतदान टिकत नाही. काकांनी व्हाइटबोर्डवर आकडे मांडले. थकबाकीदार पात्र धरले तर अ कडे नक्कीची ६४, एकूण १२७. परत पाठवलेली तिन्ही मतं ब ला गेली असती असं धरलं तर एकूण १३०, हवीत ६६. तीनच कशाला, एकच मत जास्त असतं तरी १२८ पैकी ६५ लागली असती.

म्हणजे थकबाकीदार अपात्र धरले तर चार चिठ्ठ्यांमुळे मतदान रद्द. पात्र धरले तर तीन माणसांना अडवल्यामुळे मतदान रद्द. ज्या प्रश्नावर आम्ही भांडत होतो त्याचं उत्तर कुठलंही आलं असतं तरी निष्कर्ष एकच होता. अध्यक्षांनी मतं घेतली, उभं राहून. हरकत मान्य ८८, अमान्य ३१.

निकाल

त्याच सभेत फेरमतदान झालं. या वेळी चिठ्ठी पाकिटात नव्हती. नाव पुकारून, यादीवर सही घेऊन, एकेकाच्या हातात एक. १२२ वैध मतं, बाद एकही नाही. ब ताईंना ६४, अ ला ५८.

यावरून पहिल्या वेळीही ब च जिंकल्या असत्या असं कोणी म्हणू नये. आलेली माणसं वेगळी होती, त्या दिवशी बर्फ होता, मधल्या आठवड्यांत लोकांची मतंही बदलली असतील. पहिल्या मतदानाचा खरा निकाल काय होता हे आता कळायला मार्ग नाही.

अ ला हे फार लागलं. जाहीर झालेलं पद हातातून गेलं, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. पाडव्याला तो आला नाही. त्याच्या बाजूच्या एका कमिटी मेंबरने राजीनामा दिला. गणपतीत अ परत आला, साउंड सिस्टिम त्यानेच लावली, पण पुन्हा उभा राहिला नाही.

जानेवारीच्या सभेतला दुसरा ठराव, वर्गणी ६० वरून ७५ डॉलर करण्याचा, हात वर करून झाला होता, ९४ विरुद्ध २०. पाच अपात्र हात वजा करा, अडवलेले तीन विरोधात धरा, काही फरक पडत नाही. तो तसाच राहिला आणि कोणी त्यावर मिनिटभरही घालवला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी ते पाकीट. ताटाचा हिशोब आणि मताचा हिशोब एकत्र करायला नको होता. आता चिठ्ठी मतदानाच्या वेळीच देतो, मतदारांची यादी ट्रेझरर आणि सेक्रेटरी मिळून आदल्या दिवशी छापतात आणि चेक-इन टेबलवर फक्त तीच असते.

दुसरं, शंका आली की माणसाला परत पाठवायचं नाही. त्याची चिठ्ठी कोऱ्या पाकिटात, ते पाकीट बाहेर नाव लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात, आणि पेटी उघडायच्या आधी सभेला विचारायचं, हे धरायचं का. धरायचं ठरलं तर आतलं पाकीट पेटीत जातं, नाही ठरलं तर न उघडता बाजूला. तीन पाकिटं असती तर त्या जानेवारीत हे सगळं दहा मिनिटांत मिटलं असतं.

तिसरं, बायलॉज. पुढच्या जीबीत आगाऊ नोटीस देऊन दोन-तृतीयांश मतांनी कलम बदललं. आता स्पष्ट आहे की सभा सुरू होताना ज्याची वर्गणी बाकी आहे त्याला मत नाही, आणि ट्रेझररचं टेबल सभा सुरू होईपर्यंत उघडं राहिलंच पाहिजे. मला स्वतःला जुना नियम जास्त माणुसकीचा वाटतो, पैसे द्यायला पंधरा दिवस उशीर झाला म्हणून माणूस परका होत नाही, आणि मी विरोधात मत दिलं. पण नियम काय आहे हे दारातच सगळ्यांना माहीत असणं त्याहून गरजेचं आहे, हेही मला पटतं.

चौथी गोष्ट आजींची. सभेत नावं घेतली नव्हती, पण एक चिठ्ठी सहीमुळे ओळखता आली आणि ती काढल्यावर ब चं एक मत कमी झालं, एवढं सांगितल्यावर कोणाची ते सगळ्यांनी ओळखलं. हिशोब समजायला तो आकडा सांगणं भाग होतं. पण सभेआधी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगायला हवं होतं, ते केलं नाही. त्यांना ते त्या रविवारी मागच्या खुर्चीवर बसून सगळ्यांबरोबर कळलं. चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “सही केल्याशिवाय कागद द्यायचा नाही असं आम्हाला शिकवलंय गं.” मी त्यांना वाकून नमस्कार केला, दुसरं काही सुचलं नाही. एप्रिलमध्ये त्या पुण्याला परत गेल्या.